स्वयंपाकघर ओढणारी गाडी

आम्ही घेतलेला पिकअप ट्रक मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याचं बॉनेट माझ्या हनुवटीपर्यंत येत होतं. मी समोर उभी राहिले तर चालवणाऱ्याला माझं डोकं तेवढं दिसेल, आणि चपलेचा पट्टा लावायला वाकले तर तेही दिसणार नाही, असं माझ्या मनात आलं. नवरा तोवर गाडीखाली आडवा झाला होता. त्याचे बूट तेवढे बाहेर होते आणि आतून मधूनमधून "ओह, नाइस" असं ऐकू येत होतं.

गाडी विकणारे गृहस्थ म्हातारे होते. फीनिक्सजवळ, चँडलरच्या दक्षिणेला घरं संपतात आणि चाऱ्याची शेतं सुरू होतात, तिथे त्यांचं घर होतं. त्यांनी घोडे विकून टाकले होते. "घोडेच नाहीत, तर हिला ओढायला देऊ काय?" असं त्यांनी विचारलं, बहुतेक स्वतःलाच. मग बॉनेटवर थाप मारून ते म्हणाले, "ही तुमचं अख्खं घर ओढून नेईल."

"घर राहू दे, आईचं स्वयंपाकघर ने म्हणावं," नवरा गाडीखालून मराठीत म्हणाला.

मी हसले. पोटात भीती असली की मला असं हसू येतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण हे त्याला अजून कळलेलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराची गोष्ट अशी. आदल्या वर्षी सासू-सासरे नागपूरहून पहिल्यांदाच आले होते. सासऱ्यांना ग्रँड कॅन्यन बघायचं होतं. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि ती दरी त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याला हिशेब नाही. सासूबाई मात्र बाहेरचं खात नाहीत. त्यात व्रत वगैरे काही नाही. दुसऱ्याच्या हातचं पचत नाही, असं त्या म्हणतात, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. म्हणून आम्ही फ्लॅगस्टाफच्या हॉटेलात खोली घेतली आणि इंडक्शनची शेगडी बरोबर नेली. संध्याकाळी त्यांनी वरणाला मिरची-हिंगाची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. सगळं हॉटेल पार्किंगमध्ये येऊन उभं राहिलं. अग्निशमनची गाडी आली. सासूबाई पातळाचा पदर घट्ट लपेटून, हातात पळी तशीच धरून, दीडशे माणसांसमोर उभ्या होत्या. कुणी काही वाईट बोललं नाही, उलट एका बाईंनी त्यांना स्वतःची शाल देऊ केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मला घरी घेऊन चला." दरी तिथून दीड तासावर होती. सासरे बॅगा भरायला लागले.

त्यानंतर वर्षभर नवऱ्याच्या डोक्यात हेच होतं. या वेळी त्याने आधी ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची लांबट खोली: पुढे पलंग, मध्ये बाथरूम, मागे स्वयंपाकघर. मागच्या बाजूला स्वयंपाकघर मोठं आणि खिडकीचं होतं, म्हणूनच त्याने तो निवडला. मग तो ओढायला गाडी हवी. चिप बनवणाऱ्या कंपनीत त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणीतरी सांगितलं, हेवी-ड्यूटी डिझेल घे यार, मग प्रश्नच नाही. नवऱ्याने इंजिनविषयी मिळेल ते सगळं वाचलं. दोन महिने जेवताना आम्ही टॉर्कवर बोलत होतो, म्हणजे तो बोलत होता.

गाडी घरी आली आणि माझी छोटी कार तो ऑफिसला नेऊ लागला, कारण त्यांच्या पार्किंगमध्ये ट्रक मावत नव्हता. मग ट्रक माझ्याकडे आला. चढताना दाराच्या वरच्या दांड्याला धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरचं गुंडाळलेल्या तारेचं चिन्ह विझेपर्यंत, म्हणजे इंजिन आतून तापेपर्यंत, थांबायचं आणि मगच इंजिन सुरू करायचं. मी ते चिन्ह विझल्यावरही मनात पाच अंक मोजायची. डिझेलच्या पंपाचा दांडा हिरवा असतो हे मला पाठ होतं, तरी मी नळी हातात धरून पाटी तीनदा वाचायची. पेट्रोल पडलं तर इंजिन जाईल. शिवाय शेजारी निळ्या झाकणाची वेगळी टाकी, धूर साफ करणाऱ्या द्रवाची. तो डिझेलमध्ये पडला तरी सगळं जाईल. एवढ्या दणकट गाडीला मारायचे इतके साधे मार्ग असतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझ्या ऑफिसात मी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गाडी लावायची, म्हणजे उलटी काढावी लागू नये. दुपारच्या उन्हात तेवढं चालत यायची. तरी कुणी ना कुणी भेटायचं. अनोळखी पुरुष गाडीपाशी थांबून इंजिन कितीचं आहे, काय ओढता, असं आपुलकीने विचारायचे. "स्वयंपाकघर" असं सांगण्याइतकी माझी हिंमत नव्हती. "ट्रेलर," मी म्हणायची आणि चढून बसायची.

दुपारी डबा खाताना मी व्हिडिओ पाहायला लागले. ट्रेलर कसा जोडायचा हे शिकायला सुरुवात केली होती, पण फोन मला हळूहळू दुसरीकडे घेऊन गेला: गाडीमागे ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलतोय, झोका मोठा होतोय, शेवटी तो गाडीलाच उचलून आडवी करतोय. मी असे किती पाहिले कोण जाणे. त्यातून एक गोष्ट मला कळली. ट्रेलरचं वजन त्याच्या चाकांच्या पुढे जास्त असावं लागतं, म्हणजे त्याचं नाक गाडीच्या मागच्या जोडकडीवर दाबून बसतं. वजन मागे गेलं की नाक हलकं होतं आणि शेपूट झुलायला लागतं. गाडी कितीही मोठी असो. आणि झुलायला लागलं की गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरचे ब्रेक वेगळे असतात, तेवढेच लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. आमच्या गाडीत त्याची एक काळी डबी होती, स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशबोर्डखाली बसवलेली, आणि तिला एक सरकता खटका होता. शेजारच्या सीटवरून माझा हात तिथे पोहोचत होता. मी एकदा गाडी उभी असताना पोहोचवून पाहिला होता.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला माहीत असणारच, असं मी धरून चालले. तो इंजिनिअर होता.

सासू-सासरे सप्टेंबरात आले. गाडी बघून सासरे दोन पावलं मागे सरकले. "हे काय रे पोट्ट्या, विटा वाहायचा धंदा सुरू केला का?"

"बाबा, बसून तर बघा."

"बसतो, पण आधी शिडी आण."

सासूबाईंना ट्रेलरचं स्वयंपाकघर दाखवलं तेव्हा त्यांनी आधी ओट्यावरून हात फिरवला. मग गॅसची कळ फिरवून ज्योत पाहिली, खिडकी उघडली, बंद केली. "माझं इथे होईल," त्या म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. मला वाटतं, पुढे मी गप्प राहिले त्यात त्या चेहऱ्याचाही भाग होता.

ऑक्टोबरात निघायचं ठरलं. वसाहतीच्या नियमाप्रमाणे ट्रेलर एकच दिवस घरासमोर उभा करता येत होता. निघायच्या आदल्या दिवशी तो आणला आणि सकाळपासून सासूबाईंनी भरायला घेतलं. चौघांचं दोन आठवड्यांचं जेवण. कणकेच्या मोठ्या पिशव्या, तांदूळ, ज्वारीचं पीठ, सगळ्या डाळी, तेलाचे डबे, दोन कुकर, लोखंडी तवा, दगडी खल, पोळपाट. माझ्या हातात एक एक वस्तू यायची आणि मी ती मागच्या कपाटात ठेवायची. पाण्याची टाकीही मागेच, ओट्याखाली होती. सासऱ्यांना कॅम्पच्या जागेतलं पाणी नको होतं. त्यांनी घरच्या फिल्टरचं पाणी बादली-बादलीने आणून ती काठोकाठ भरली. पुढे पलंगावर नुसत्या उशा आणि इस्त्रीची चादर.

मी मनात वाक्य तयार करत होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे सासरी बोलताना माझं मराठी आधी मनात जुळवावं लागतं, आणि जुळेपर्यंत बोलायची वेळ निघून जाते. पण ते निमित्त. खरी अडचण वेगळी होती. "एवढं सामान नको" हे वाक्य सुनेच्या तोंडून निघालं की ते सामानाविषयीचं राहत नाही. त्यातून ज्या बाईला एकदा दीडशे माणसांसमोर पळी घेऊन उभं राहावं लागलं, तिला.

शेवटी मी एवढंच म्हणाले, "आई, तांदूळ-कणीक पुढे ठेवायची का? पलंगाजवळ?"

"काहून गं?"

"नाही, असंच."

"अंथरुणात कुणी धान्य ठेवतं का? लोळायची जागा ती." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "माझं सामान जास्त होतंय का?"

"नाही हो आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने ट्रेलर कडीला जोडला. जोडल्यावर गाडीची मागची बाजू थोडी खाली बसायला हवी. मी फुटपाथवर उभी राहून बघत होते. ती जराही बसली नाही.

"बघ!" नवरा म्हणाला. "गाडीला कळलंसुद्धा नाही. याला म्हणतात ट्रक."

मी माझ्या सीटवर चढले आणि पट्टा लावला. मला सगळं माहीत होतं आणि मी बसले होते. मागे आई-बाबा बसले होते. आपल्यातलं कुणीतरी आज मरू शकतं, असं अगदी स्पष्ट, छापल्यासारखं मला वाटत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

फीनिक्स ओलांडेपर्यंत गर्दी होती आणि वेग कमी. पुढे चढ लागला, तिथेही गाडी संथ होती. सासरे खिडकीतून सग्वारोचे उंच निवडुंग मोजत होते. सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या आणि एक माझ्या हातात दिली. ती मी बराच वेळ नुसती धरून ठेवली. चढ संपून सपाटी आली, तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मागून कुणीतरी खांदा धरून हलकेच हलवावं तसं.

"बोटीत बसल्यासारखं वाटतंय," सासरे म्हणाले.

"वारा आहे, बाबा," नवरा म्हणाला.

वारा नव्हता. रस्त्याकडेचं गवत स्थिर होतं, ते मी पाहत होते.

मग पाटी आली: पुढे बरेच मैल तीव्र उतार. तिथून रस्ता व्हर्डे नदीच्या खोऱ्यात उतरतो. उजव्या हाताला एकदम मोकळं आकाश येतं आणि खूप खाली हिरवी रेघ दिसते. "वा!" सासरे म्हणाले. वेगाचा काटा पासष्ट मैलांवर होता. मी तो बघत होते. सत्तर. मी मनात वाक्य जुळवलं, हळू चालव, दोनच शब्द. ते घशापर्यंत आले.

तेवढ्यात डावीकडून मालवाहू ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी उजवीकडे ढकलला गेला, मग तो निघून जाताच डावीकडे ओढला गेला, आणि थांबला नाही. आरशात ट्रेलर एकदा माझ्या बाजूने बाहेर आलेला दिसला, मग नाहीसा झाला, मग आणखी बाहेर आला. आमच्या गाडीचं ढुंगण त्याच्याबरोबर हलायला लागलं. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. सासूबाई "अगं बाई, अगं बाई" म्हणत होत्या. नवऱ्याने ब्रेक दाबला आणि झोका दुप्पट झाला. उजवीकडे लोखंडी कठडा, त्यापलीकडे झाडांचे शेंडे.

आवाज माझा आला नाही. हात गेला. मी पट्ट्यातून पुढे झुकून त्या डबीवरचा खटका शेवटपर्यंत सरकवला आणि दाबून धरला. मग आवाज आला. "पाय काढ! ब्रेकवरून पाय काढ!"

त्याने काढला. का, ते त्यालाही सांगता येत नाही. माझा असा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता, म्हणून असेल. मागून जोराची ओढ बसली, कुणी दोराने धरून ठेवावं तशी. ट्रेलर अजून एकदा डावीकडे गेला, कमी. उजवीकडे, त्याहून कमी. मग सरळ झाला. गाडी घसरत नाही, नुसती मंदावतेय, हे कळायला मला थोडा वेळ लागला. रस्त्याची कड रुंद झाली तिथे नवऱ्याने ती बाजूला घेतली. थांबल्यावरही मी खटका सोडला नव्हता.

जळक्या रबराचा वास येत होता. नवऱ्याचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. तो खाली उतरला, ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला आणि माझ्या खिडकीशी उभा राहिला.

"तुला कसं माहीत?"

"व्हिडिओ बघितले होते."

"कधी?"

"आई-बाबा यायच्या आधी."

मी त्याला वजनाचं सगळं सांगितलं. मराठी, इंग्रजी, जसं येईल तसं. तो ऐकत होता. नंतर हळू म्हणाला, "मग काल लोड करताना का नाही बोललीस?" तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "काल मला विचारलंस, ते यासाठी होतं?"

"हो."

"आणि मी 'काहून' म्हटलं, तर तू 'असंच' म्हणालीस."

"हो आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ आवळलेले होते. आता त्या जे म्हणतील ते मला आयुष्यभर लक्षात राहील, असं मला वाटलं. पण त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि हात माझ्यापुढे केला. "मला उतरव बेटा, फार उंच आहे ही."

ट्रेलरचं दार उघडलं तर आत जमिनीवर मोहरीच मोहरी. मसाल्याचा डबा फुटला होता, हळद भिंतीपर्यंत उडाली होती. सासूबाई घसरत, कपाटाला धरत आत गेल्या. पलंगाजवळ उभ्या राहून एक क्षण त्यांनी इस्त्रीच्या चादरीकडे पाहिलं. मग ती चादर, उशा, पांघरुणं सगळं गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हे मागे ओट्यावर ने. अंथरूण काढलं, आता ही नुसती फळी झाली. आण ती कणीक."

आम्ही चौघांनी सगळं पुढे नेलं. कणीक, तांदूळ, तेल, कुकर, खल. नवरा बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण काढून आला. फिल्टरचं पाणी रस्त्याच्या कडेवरून मातीत वाहत गेलं आणि सासरे कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले.

"अडतीस बादल्या," ते म्हणाले.

"अहो, जीव वाचला ना?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"मी कुठे काय म्हणतोय? नुसतं मोजतोय."

गाडीची मागची बाजू आता चार बोटं खाली बसली होती. नवऱ्याने वाकून पाहिलं, मला दाखवलं आणि त्या वेळी पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. कुणालाच पुढे जायचं नव्हतं. पण उताराच्या मध्यावर ट्रेलर वळवता येत नाही. परत जायचं तरी आधी खालीच उतरावं लागणार होतं. सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या, पुटपुटायला लागल्या. नवऱ्याने किल्ली फिरवली आणि हात परत मांडीवर ठेवले.

"मी चालवतो," तो म्हणाला. "पण तू बोल. जे दिसेल ते. चूक असलं तरी बोल."

आम्ही आपत्कालीन दिवे लावून निघालो. माझा आवाज बारीक आणि चिरका येत होता, माझा मलाच ओळखू येत नव्हता. "चाळीस," मी म्हणाले. "चव्वेचाळीस. पंचेचाळीस झाले, कमी कर." त्याने कमी केला. "मागून मोठा ट्रक येतोय. अजून लांब आहे. आला. आता जाईल. हवा लागेल, घट्ट धर." हवा लागली. ट्रेलर किंचित हलला आणि बसला.

"डावीकडे एक लाल गाडी पण येतेय बरं का," सासरे मागून म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा. तिला बोलू द्या," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

वळणं संपेपर्यंत मी बोलत होते. डावा हात डॅशबोर्डखाली, त्या डबीवर, ताणून ताणून बधिर झाला होता. रस्ता सपाट झाला, नदीकाठची झाडं जवळ आली, गावाची पाटी आली. नवऱ्याने पहिल्यांदा श्वास सोडला.

"आता काढ तो हात," तो म्हणाला. "दुखत असेल."

"नको," मी म्हणाले. "पुढे अजून उतार असतील."